शुक्रवारी पाडायची भिंत

नुसतं गरीब असून भागत नाही,
ते सिद्ध करावं लागतं.
मी तीन कागद नेले होते:
बाबांची खाण बंद झाल्याचं पत्र,
अन्नाच्या कुपनांचा जुना तक्ता,
आणि मावशीने पेन्सिलीने लिहून दिलेलं
की ही पोरगी आमच्याकडे सोफ्यावर झोपते.
खिडकीपलीकडची बाई म्हणाली, पेन्सिल चालत नाही.
मावशीने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून
तीच अक्षरं शाईने गिरवली,
'सोफ्यावर' जरा जास्त दाबून.

अशी मी आले केंटकीतल्या त्या टेकडीवर.
तिथे पूर्वी क्षयाचं इस्पितळ होतं.
आता आमची सोय होती.
बूट सरकारचे, चादर सरकारची,
दर पंधरवड्याला पाकिटात पंचवीस डॉलर,
त्यातून केस कापल्याचे वजा.

मला नर्सिंग हवं होतं.
जागा भरल्या होत्या.
वीटकामाच्या दोन शिल्लक होत्या,
एक मी घेतली, एक लुईव्हिलच्या लाव्हॉनने.

हॅस्किन्स मास्तरांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं.
पहिल्या दिवशी हात वर करून म्हणाले,
बाकीचं दीड का गेलं ते आधी शिकू.

सिमेंट नाही. फक्त चुना आणि रेती.
सोमवारी दोरी ताणायची,
गुरुवारपर्यंत कोपरा ओळंब्यात आणायचा,
आणि शुक्रवारी जेवणाआधी
सगळं पाडायचं.
विटा खरवडून, पुसून, पुन्हा रचायच्या.
त्याच विटा. आमच्या आधीच्या कितीजणांच्या हातातल्या,
कडा झिजून साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या.

तिसऱ्या आठवड्यात विटांचाच वीट आला.
लाव्हॉनने थापी भिरकावली.
पाडायचीच तर बांधायची कशाला?
मास्तरांनी त्याच्या भिंतीवर पाणसळ ठेवली,
बुडबुडा कुठच्या कुठे पळाला.
म्हणाले, सरळ असेल ती पाडायला ये.
वाकडी आपली आपण पडते.

त्याच्या नखांत चुना, माझ्या केसांत चुना.
रात्री वसतिगृहाच्या पायरीवर बसून
तो मला त्याच्या धाकट्या भावाचे फोटो दाखवायचा,
एकच फोटो खरं तर, पुन्हा पुन्हा.

एप्रिलमध्ये पत्र आलं. तक्त्यातल्या कुठल्याशा रकान्यात
आमच्या टेकडीपुढे शून्य पडलं होतं.
सगळ्यांना घरची बसची तिकिटं मिळणार होती.
कारकून विचारत होता, घर कुठे?
लाव्हॉन म्हणाला, तुम्हीच सांगा,
फॉर्म तुमच्याकडे आहे.

शेवटच्या सोमवारी मास्तरांनी
स्वतःच्या ट्रकमधून दोन पोती उतरवली.
कुणी काही विचारलं नाही. सिमेंटचा वास आम्हाला नवा होता.
स्वयंपाकघराच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांभोवती
कमरेइतकी भिंत. त्यापलीकडे काही नाही.
शुक्रवारी जेवणाआधी आम्ही सवयीने
हातोडे घेऊन उभे राहिलो.
मास्तर म्हणाले, जा, हात धुवा.

वीटकाम मला कधी मिळालं नाही.
नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांच्या चादरी बदलते,
म्हणजे नर्सिंगच्या जवळपास पोचले म्हणायचं.
कुठल्याही इमारतीत शिरताना
नजर आधी सांध्यांवरून फिरते.

गेल्या शरदात त्या रस्त्याने जाणं झालं.
फाटकाला साखळी. कुणीतरी तांब्याच्या तारा ओढून नेलेल्या,
छपरात झाड.
कुंपणाच्या फटीतून आत गेले.
डबे नाहीत. भिंत आहे.

पाणसळ कुठून असणार माझ्याकडे?
पाण्याची अर्धी बाटली
वरच्या थरावर आडवी ठेवली, हात काढला, थांबले.
पाणी माझ्या बाजूला स्थिर,
आणि कोपऱ्याकडे नेली तशी
बाटली हळूच घरंगळायला लागली.

तो कोपरा लाव्हॉनचा.